'पेशंट बाहेर' ते 'पेशंट आत'

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) एक केस संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ, हा या वेळच्या सदराचा विषय. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांपैकी आठ निवडली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

आमचं ४० खाटांचं हॉस्पिटल, दोन ओटी. दोन केसमध्ये ५० मिनिटं जातात. मॅनेजमेंट म्हणतं २५ वर आणा. मावशी, मामा सगळे पळतायत, तरी फरक पडत नाही. काय करावं?
– ओटी इन्चार्ज सिस्टर, सिंहगड रस्ता

आधी ही ५० मिनिटं कुठून कुठपर्यंतची, ते ठरवा. सर्जन शेवटच्या टाक्यापासून पुढच्या कटपर्यंत मोजतात. तुम्ही पेशंट दारातून बाहेर गेल्यापासून पुढचा आत येईपर्यंत मोजता. श्वासाची ट्यूब काढणं, पुढच्याला स्पायनल (पाठीतून भूल) देणं, पोझिशन, पेंटिंग-ड्रेपिंग (जंतुनाशक लावून कापडं अंथरणं) हे सगळं सर्जनच्या मोजणीत येतं, तुमच्या येत नाही. त्यामुळे एकाच दिवशी सर्जनचे ७० आणि तुमचे ४० दोन्ही खरे असतात आणि मीटिंगमध्ये भांडण होतं. टर्नओव्हर म्हणजे 'पेशंट बाहेर ते पेशंट आत', एवढंच सगळ्यांनी मान्य करा.

मग दोन आठवडे प्रत्येक केसच्या सात वेळा लिहा: पेशंट आत, भूल सुरू, कट, शेवटचा टाका, पेशंट बाहेर, ओटी स्वच्छ, पुढचा पेशंट आत. सगळ्या वेळा भिंतीवरच्या एकाच घड्याळाच्या. मोबाइल, मनगट आणि मॉनिटर तीन वेगळ्या वेळा दाखवतात. शेजारी एक रकाना ठेवा, 'कशासाठी थांबलो', आणि उत्तर एका शब्दात: सेट, कन्सेंट, लिफ्ट, सर्जन, भूल, रक्त, कॅशलेस. वेळांपेक्षा हा रकाना जास्त बोलतो. 'ओटी स्वच्छ' ते 'पुढचा पेशंट आत' हा तुकडा दहा मिनिटांहून मोठा निघाला, तर तुमचा प्रश्न सफाईचा नाहीच. खोली तयार आहे, पेशंट नाही. अशा वेळी मावशींना पळवून काय मिळणार? मिळतं एवढंच, की टेबल घाईत पुसलं जातं.

आता कामाचं. पुढच्या पेशंटला कधी बोलवायचं, त्याची खूण ठरवा. 'केस संपत आली की' हे कुणालाच कळत नाही. पोटाच्या केसमध्ये सर्जननी शीथ (पोटाच्या भिंतीचा मजबूत पडदा) शिवायला घेतली की सर्क्युलेटिंग सिस्टरने (खोलीत फिरून सामान देणाऱ्या) वॉर्डला फोन करायचा, ही खूण चालते. वॉर्डपासून ओटीच्या दारापर्यंत खरोखर किती वेळ लागतो तो एकदा मोजा. मूळच्या सोसायटीच्या इमारतीत थाटलेल्या हॉस्पिटलांत लिफ्ट एकच असते, आणि भेटीच्या वेळी तिच्यात नातेवाइकांचे डबेच जास्त असतात. त्या वेळेत लिफ्टला माणूस बसवावा लागतो, दुसरा उपाय नाही.

पेशंट प्रीऑपमध्ये (ओटीबाहेरच्या तयारीच्या खोलीत) येईल तो पूर्ण तयार होऊन: कन्सेंटवर सही, बाजू मार्करने खुणावलेली, दागिने-दातांची कवळी काढलेली, सलाइनची लाइन चालू, शुगर आणि बीपी लिहिलेलं. केस काढायचे असतील तर वॉर्डातच, रेझरने नाही, क्लिपरने. रेझरने कातडीवर बारीक जखमा होतात आणि इन्फेक्शनला वाट मिळते. अँटिबायोटिकची वेळ मात्र वॉर्डावर सोडू नका. ते कटच्या आधीच्या ६० मिनिटांत जायला हवं (व्हॅन्कोमायसिन १२० मिनिटांत). वॉर्डात सातला दिलं आणि केस साडेनऊला लागली, तर दिल्याचा उपयोग अर्धा गेला.

सामानाची ट्रॉली आदल्या संध्याकाळी भरा. प्रत्येक सर्जनचं प्रत्येक ऑपरेशनसाठी एक कार्ड हवं: ग्लोव्हजचा नंबर, कोणते टाके, कोणता ट्रे, मेश लागते का, ड्रेन कोणता. कार्ड जुनं असेल तर ते नसल्यापेक्षा वाईट. सर्जननी दोन महिन्यांपूर्वी टाका बदललेला असतो आणि सिस्टर केस चालू असताना स्टोअरला पळते. ट्रॉली भरा, पण पॅक उघडू नका. निर्जंतुक सेट खोली पुसून झाल्यावर, वापराच्या अगदी जवळ उघडायचा.

राहिली सफाई. इथे हात वाटून द्या. स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हातात हत्यारं देणारी) सुया-ब्लेड स्वतः मोजून पांढऱ्या डब्यात टाकेल, हत्यारांचे सांधे उघडून, ओलसर झाकून खाली पाठवेल. रक्त वाळलं की सीएसएसडीचं (हत्यारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागाचं) काम दुप्पट होतं. एक मामा लिनन आतल्या बाजूला गुंडाळून उचलेल, झटकायचं नाही. पिवळी, लाल पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची. सक्शनचा दुसरा जार धुऊन तयार ठेवा, भरलेला नुसता बदला. जार धुण्यासाठी खोली अडवू नका. मावशी वरून खाली पुसतील: लाइटचं हँडल, मॉनिटरच्या वायरी, बीपीचा कफ, पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब, कॉटरीची (रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाची) केबल, मग टेबल. गादी उचलून दोन्ही बाजू आणि खालचे सांधे पुसायचे, रक्त तिथेच साचतं. शेवटी टेबलाभोवती चारेक फूट फरशी आणि जिथे डाग असेल तिथे. मॉपचं कापड प्रत्येक केसला नवं. सगळी खोली, भिंतींसकट, दिवसाच्या शेवटी.

याच वेळी टेक्निशियन भुलीच्या मशिनची सर्किट आणि फिल्टर बदलून लीक टेस्ट करतो. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून ट्यूब घालायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, हे पेशंट टेबलावर घेतल्यावर बघायचं नसतं. औषधं भरून ठेवण्यात मात्र घाई नको. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधात जंतू झटकन वाढतात. भरलेली सिरिंज सहा तासांच्या आत वापरायची, म्हणून दुपारच्या केसची सकाळी भरून ठेवू नका.

मी भोसरीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर चार तास बसलो. आमच्याकडे प्रेसचा डाय (साचा) बदलायला जी पद्धत वापरतात ती ओटीत चालणार नाही का?
– वाचक, भोसरी

चालते, आणि वर सिस्टरना जे सांगितलं ते बरंचसं तुमच्याच शॉपमधून आलेलं आहे. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी १९६९ साली टोयोटाच्या १००० टनी प्रेसचा डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. त्यांची मूळ फोड साधी आहे: प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी, प्रेस चालू असताना करता येणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारची कामं थांबलेल्या वेळेत घुसलेली असतात, ती बाहेर काढायची.

ओटीत 'प्रेस थांबवूनच' म्हणजे खोली रिकामी असतानाच करता येतं ते थोडं आहे: टेबल-फरशी पुसणं, भुलीची सर्किट बदलणं, नवा सेट उघडणं. कन्सेंट, लाइन, ट्रॉली, सी-आर्म (फिरतं एक्स-रे मशिन) आणून ठेवणं, पुढच्या पोझिशनच्या उशा आणि लेग-होल्डर शोधणं, हे सगळं आधीची केस चालू असताना होतं. लेग-होल्डरचा क्लॅम्प ऐनवेळी न सापडणं हे तर तुमच्याकडच्या हरवलेल्या टी-बोल्टसारखंच.

फरक दोन. तुमचा स्ट्रोक किती सेकंदांचा ते ठाऊक असतं. पित्ताशय चिकटलेलं निघालं तर ४५ मिनिटांची केस दोन तास चालते, म्हणून 'पुढचा डाय' कधी आणून ठेवायचा ते घड्याळावर नाही, खुणेवर ठरवावं लागतं. आणि तुमचा आणून ठेवलेला डाय थंडीने कुडकुडत नाही, घाबरत नाही. पेशंटला अर्ध्या तासापेक्षा जास्त प्रीऑपमध्ये ठेवू नये.

मोठ्या हॉस्पिटलांत शेजारच्या खोलीत पुढच्या पेशंटला ब्लॉक (ठरावीक भागापुरती भूल) किंवा स्पायनल देऊन ठेवतात. त्यासाठी तिथे मॉनिटर, ऑक्सिजन, सक्शन, तातडीची औषधं आणि दुसरा भूलतज्ज्ञ लागतो. एकच व्हिजिटिंग भूलतज्ज्ञ असेल तर हा नाद सोडा. टेबलावरच्या पेशंटला सोडून त्याला जाता येत नाही.

आमचे सर दोन केसच्या मध्ये फॉगिंग (जंतुनाशकाचा फवारा) करायला लावतात आणि वीस मिनिटं दार बंद ठेवतात. हे लागतंच का? आणि हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) नेमकं किती?
– ओटी टेक्निशियन, हडपसर

दोन केसच्या मध्ये फॉगिंगची गरज नाही. फॉगिंगचा फवारा पृष्ठभागावरचं रक्त काढत नाही, ते पुसूनच निघतं. आणि न पुसलेल्या जागी फॉगिंग केलं तर मनाचं समाधान तेवढं होतं. फॉर्मॅलिनचा धूर तर डोळ्यांना, श्वासाला त्रास देतो, तो सोडलेलाच बरा.

हवा स्वच्छ करतं ते एअर हँडलिंग युनिट. तासाला २० वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण साधारण १४ मिनिटांत निघतात; १५ वेळा असेल तर १८ मिनिटांत. म्हणजे पुसापुशी होईपर्यंत हवेचं काम आपोआप झालेलं असतं, एवढंच की दार बंद हवं. खोलीत बाहेरच्यापेक्षा दाब जास्त हवा, किमान अडीच पास्कल. दार सारखं उघडत राहिलं तर तो दाब टिकत नाही, आणि वर सांगितलेली ट्रॉली आधी भरण्याची कटकट इथेही कामी येते. तुमच्याकडे भिंतीवर स्प्लिट एसी असेल तर मात्र हे हिशेब लागू नाहीत. तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. फॉगिंगचा खर्च त्याच्या बदलीसाठी बाजूला टाका.

हायपोक्लोराइट: रक्त सांडलं असेल तर आधी शोषक कागद किंवा गॉझने टिपून घ्या, मग १ टक्का द्रावण टाकून दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर २०० मिली घेऊन त्यात ८०० मिली पाणी. १० टक्क्यांचा असेल तर १०० मिलीत ९०० मिली. रोज ताजं, कॅनवर तारीख-वेळ. उन्हात ठेवलेला कॅन लेबलवर काहीही लिहिलेलं असो, कमजोर होतो. हायपोक्लोराइट स्टील खातं, म्हणून टेबलाच्या सांध्यांवर, हत्यारांवर वापरू नका. तिथे हॉस्पिटलचं नेहमीचं डिसइन्फेक्टंट.

इथली नेहमीची चूक सांगतो. बाटलीवर 'कॉन्टॅक्ट टाइम ५ मिनिटं' लिहिलेलं असतं, म्हणजे पृष्ठभाग पाच मिनिटं *ओला* राहायला हवा. ओटीच्या हवेच्या झोतात पातळ हाताने पुसलेलं टेबल दोन मिनिटांत वाळतं. कापड नीट ओलं हवं, नाहीतर पुन्हा एक हात फिरवा. लगेच कोरड्या फडक्याने पुसणारे सगळं धुऊन टाकतात.

सदाशिव पेठेत डोळ्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. सकाळी दहा-बारा मोतीबिंदू करतो. केस १५ मिनिटांची, पण सेटसाठी थांबावं लागतं. फ्लॅश करून वापरलं तर?
– नेत्रतज्ज्ञ

इथे तुम्हाला सेट विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते किती घ्यायचे याचा हिशेब सोपा आहे. समजा दर २५ मिनिटांना एक केस लागते. वापरलेला सेट धुणं-फ्लश करणं २० मिनिटं, पॅकिंग ५, व्हॅक्यूम ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) सायकल वाळवण्यासकट ५०, थंड होणं १५: ९० मिनिटं. त्यात टेबलावरची १५ मिळवा. १०५ भागिले २५, म्हणजे ४.२, म्हणून पाच. आणि एखादा चिमटा खाली पडतोच, म्हणून एक जादा. सहा. हा हिशेब प्रत्येक सेट वापरल्याबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये जातो असं धरून आहे. तुम्ही तीन-चार साठवून एकदम लावत असाल तर आठ-नऊ लागतील.

फ्लॅश, म्हणजे उघड्या हत्याराला १३२-१३४ अंशांवर तीन मिनिटं, हे पडलेल्या एकुलत्या एका हत्यारासाठी आहे. सेट कमी म्हणून रोज फ्लॅश करणं हा सेट न घेण्याचा बहाणा होतो. लेन्ससारख्या इम्प्लांटला तर मुळीच नाही, आणि नळीदार हत्यारांत वाफ तेवढ्या वेळात आतपर्यंत पोचेलच असं नाही.

नळीदार म्हटलं की फेको हँडपीस (मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं) आणि आय-ए कॅन्युला (पाणी सोडून ओढून घेणारी नळी). घाईचा सगळ्यात मोठा फटका इथे बसतो. व्हिस्कोइलास्टिक (ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरलेलं जेल) आत वाळलं की नंतर निघत नाही. म्हणून केस संपताच टेबलावरच निर्जंतुक पाण्याने फ्लश करून घ्या, मग धुताना पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, आणि शेवटी सिरिंजने हवा मारून कोरडं. एन्झाइम डिटर्जंटचा अंश आत राहिला तर ऑटोक्लेव्ह त्याचं काही करत नाही; जंतू मरतात, रसायन तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर कॉर्निया काठापासून काठापर्यंत धूसर, पुढच्या कप्प्यात सूज, दुखणं फारसं नाही, अशा एकाच सकाळच्या तीन पेशंटांवरून ते कळतं. त्याला टास (टॉक्सिक अँटेरियर सेगमेंट सिंड्रोम) म्हणतात. इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक देत बसू नका, पण इन्फेक्शन नाही याची खात्री होईपर्यंत ती शंकाही सोडू नका.

पॅक गरम असताना थंड स्टीलच्या टेबलावर ठेवू नका. खाली दव धरतं, पॅक ओला होतो आणि ओला पॅक म्हणजे अनस्टेराइल पॅक. जाळीच्या रॅकवर, मध्ये फट ठेवून.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन सकाळचं सांगितलं. रात्री बारापासून पाणीही दिलं नाही, आत घेतलं दुपारी अडीचला. ही काय पद्धत?
– वाचक, कात्रज

पद्धत चुकीची आहे. साधं जेवण किंवा दूध भुलीच्या सहा तास आधी बंद, तळलेलं-तुपकट असेल तर आठ तास. पण पाणी, कोरा चहा, गर नसलेला फळांचा रस दोन तास आधीपर्यंत चालतो, जर पोट रिकामं व्हायला वेळ लागेल असा आजार नसेल तर. 'रात्री बारापासून काही नको' हा सगळ्यांना एकच नियम सोपा म्हणून लावला जातो. लिस्ट सरकली की वयस्कर माणसाची शुगर, बीपी आणि शिरा तिन्ही बिघडतात. आणि मग लाइन मिळवायला ओटीत पंधरा मिनिटं जातात, म्हणजे ज्या वेळेसाठी हे सगळं केलं तोच वाया.

लिस्ट लावताना लहान मुलं आणि मधुमेही आधी, पू असलेली केस शेवटी. तरी सरकलीच, तर दर दोन तासांनी ओटीतून वॉर्डला 'हा पेशंट एवढ्यात येत नाही' असा निरोप गेला पाहिजे. नातेवाइकांनी सिस्टरना नेमकं विचारावं: 'आत किती वाजता घेणार, आणि पाणी दिलं तर चालेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारून सांगता का?' स्वतःहून मात्र काही देऊ नका. आजीची दया येऊन पाजलेल्या घोटभर दुधाच्या चहाने केस सहा तास पुढे जाते.

टर्नओव्हर ४५ वरून ३० वर आणला तर दिवसाला किती केस वाढतील? कन्सल्टंटने प्रेझेंटेशनमध्ये दोन सांगितल्या.
– हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेटर, बाणेर

चार केसच्या लिस्टमध्ये मधली अंतरं तीन. १५ गुणिले ३, ४५ मिनिटं वाचली. तेवढ्यात दीड तासाची गुडघ्याची केस बसत नाही. वाढल्या शून्य. बारा मोतीबिंदूंची लिस्ट असेल तर अंतरं अकरा. प्रत्येकी पाच मिनिटं वाचली तरी ५५ मिनिटं, आणि तिथे खरंच दोन बसतात. म्हणजे छोट्या केसच्या लिस्टला आधी हात घाला.

मोठ्या केसच्या ओटीत या ४५ मिनिटांचा फायदा वेगळा: शेवटची केस रद्द होत नाही, ओव्हरटाइम कमी होतो, सातला सुटणारी सिस्टर सातला सुटते. तोही पैसाच आहे, पण 'दोन केस वाढतील' म्हणून नवी भरती करू नका. आणि पहिली केस बघा. आठची लिस्ट पावणेनऊला सुरू होत असेल तर तिन्ही अंतरांत मिळून वाचवलेलं सकाळीच गेलं. कॅशलेसची मंजुरी, फिटनेस आणि रक्ताची पिशवी या तीन गोष्टी आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पूर्ण नसतील, तर तो पेशंट पहिल्या नंबरला लावू नका.

सर्जिकल चेकलिस्टमध्ये वेळ जातो. छोट्या केसला वगळली तर?
– अस्थिरोगतज्ज्ञ, चिंचवड

वगळू नका. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी वाचायला तिन्ही टप्पे मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीही होती, मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यू दीडवरून ०.८ टक्क्यावर आले. वेळ वाचवायचा तर 'साइन आउट'मध्येच (पेशंट बाहेर नेण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात) पुढच्या केसला काय वेगळं लागणार ते विचारून घ्या. मॉपची (पोटात-जखमेत रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी जुळत नसेल तर मात्र घड्याळाकडे पाठ करा.

गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा लिस्ट ठेवावी का?
– नर्सिंग होम, धनकवडी

ठेवा, पण बुधवारी टाकी भरल्याची खात्री करून. स्क्रबला चालू नळच लागतो. बादलीतून मग्याने हात धुणं चालणार नाही. पाणी कमी पडेल असं वाटलं तर पहिला स्क्रब पाण्याने आणि हात स्वच्छ दिसत असतील तर पुढचे अल्कोहोलच्या सर्जिकल हँडरबने, कोरड्या हातांवर, बाटलीवरच्या सूचनेइतका वेळ. टँकरचं किंवा बोअरचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. ते जड असतं, हीटरवर क्षाराचा थर बसतो, सायकल लांबते आणि हत्यारांवर पांढरे डाग पडतात. आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचे कॅन बुधवारीच आणून ठेवा. व्हॅक्यूम ऑटोक्लेव्ह असेल तर दिवसाची पहिली सायकल रिकामी, बोवी-डिक टेस्टची (व्हॅक्यूम हवा नीट काढतो का, ते बघण्याची). ती सातला लावली तर पहिला सेट आठला मिळत नाही, सहालाच लावायची. आणि काही कंपन्यांची व्हॅक्यूम पंप नळाच्या पाण्यावर चालतात. तुमचा तसा असेल तर गुरुवारी नळाला पाणी नाही म्हणजे व्हॅक्यूम नाही. त्याला टाकीची स्वतंत्र लाइन आहे का, हे आजच प्लंबरला विचारा.